दोनशे सत्तावन्नावं घर

३१ मे २०२० रोजी ट्विटरवर एक फोटो आणि त्याच्यासोबत एक इशारा फिरू लागला. हा फोटो वॉलपेपर म्हणून लावू नका, विशेषतः सॅमसंगचा फोन असेल तर अजिबात नाही. फोन बंद पडेल. इशारा देणारं खातं सॅमसंगच्या न आलेल्या फोनांच्या बातम्या आधीच फोडण्यासाठी प्रसिद्ध होतं, त्यामुळे लोकांनी तो गंभीरपणे घेतला. गंभीरपणे घेतला म्हणजे काय, तर असंख्य लोकांनी लगेच तो फोटो डाउनलोड केला आणि वॉलपेपर म्हणून लावून बघितला.

फोटो दिसायला अगदी सभ्य. तळं, डोंगर, ढग, ढगांतून फुटलेला संध्याकाळचा प्रकाश. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे, त्यातल्या सेंट मेरी तळ्याकाठी एका हौशी छायाचित्रकाराने ऑगस्ट २०१९मध्ये तो काढला होता. असे फोटो प्रत्येक फोनच्या गॅलरीत फुकट मिळतात. या एका फोटोने मात्र अँड्रॉइड १० चालवणारे कित्येक फोन लोळवले. त्यात सॅमसंग होते आणि खुद्द गूगलचे पिक्सेलही होते.

लक्षणं सगळीकडे साधारण सारखी. वॉलपेपर लावला की स्क्रीन काळी होते. लॉक स्क्रीन क्षणभर दिसते, परत काळी. परत दिसते, परत काळी. पॅटर्न काढायला बोट टेकवेपर्यंत सगळं गायब. मग आपण सगळे करतो तेच लोकांनी केलं, फोन बंद करून चालू केला. चालू झाला, लोगो आला, लॉक स्क्रीन आली आणि पुन्हा तेच.

तारीख लक्षात घ्या. आपल्याकडे दोन महिन्यांच्या लॉकडाउननंतर १ जूनपासून निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होणार होते. ऑफिस फोनवर, शाळा फोनवर, पैसे फोनवर, गावाकडच्या माणसांचे चेहरे फोनवर. अशा दिवसांत फोन लोळणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. आणि या दुखण्यावर बहुतेकांना मिळणारा खात्रीचा इलाज एकच होता: फॅक्टरी रीसेट. सगळं पुसून टाका. ज्यांचा बॅकअप होता ते सुटले. ज्यांचा नव्हता त्यांचे फोटो, चॅट, नोट्स एका तळ्याच्या फोटोपायी गेले.

साहजिकच पहिला संशय व्हायरसचा. फोटोत काहीतरी लपवलंय, कुणीतरी मुद्दाम पेरलंय वगैरे. पण फोटोत काहीच लपवलेलं नव्हतं, आणि मला या प्रकरणात रस वाटतो तो त्यामुळेच. इथे हल्लेखोर नाही. छायाचित्रकाराने आपलं काम नीट केलं होतं. कोड लिहिणाऱ्यानेही, त्याच्या समजुतीप्रमाणे, नीटच केलं होतं. फोनने तर सांगितलेलं काम इमानेइतबारे, परत परत केलं.

मुळात वॉलपेपर लावताना फोनला चित्राचा एवढा अभ्यास करायची गरज काय? चित्र उचला, पडद्यावर मांडा, संपलं. पण लॉक स्क्रीन आता नुसतं चित्र राहिलेली नाही. फोन निजलेला असतो तेव्हा काळ्या पडद्यावर फक्त घड्याळ दिसतं. त्याला उचललं की वॉलपेपर उजळतो. अँड्रॉइड १० बनवणाऱ्यांना हे उजळणं खटकन नको होतं. दिवा लावल्यासारखं नको, पहाट झाल्यासारखं हवं. त्यासाठी चित्राचा कुठला भाग किती उजळ आहे हे फोनला आधी कळायला हवं. म्हणून वॉलपेपर लावला की सिस्टिम यूआय नावाचा भाग त्या चित्राचा प्रत्येक पिक्सेल मोजायला बसायचा.

मोजणी सोपी आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी ० ते २५५. या तिघांवरून एकच आकडा काढायचा: उजळपणा. पण तिघांची सरासरी घेऊन चालत नाही, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ वाटतो आणि निळा सर्वांत कमी. म्हणून लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ असं वजन देतात. हे आकडे १९९० साली हाय डेफिनिशन टीव्हीसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. त्यांच्यामागे थेट १९३१ सालापर्यंत जाणारं संशोधन आहे. माणसाला रंग कसे दिसतात याची मोजमापं त्या वर्षी पहिल्यांदा जागतिक पातळीवर ठरली. म्हणजे तुमचा फोन वॉलपेपर उजळवताना नव्वद वर्षांपूर्वीच्या लोकांच्या डोळ्यांचा सल्ला घेत असतो. मला हे भारी वाटतं.

तिन्ही वजनांची बेरीज बरोबर १ येते. शुभ्र पांढरा पिक्सेल घ्या, तिन्ही आकडे २५५. लालचा वाटा ५४.२१३, हिरव्याचा १८२.३७६, निळ्याचा १८.४११. बेरीज २५५. पांढऱ्यापेक्षा उजळ काही नसतं, तेव्हा बेरीज २५५च्या वर जाणार नाही. कोड लिहिणाऱ्याने याच भरवशावर २५६ घरांचा एक तक्ता मांडला, घर क्रमांक ० ते २५५. प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा काढायचा आणि त्या क्रमांकाच्या घरात एक काडी टाकायची. सगळे पिक्सेल झाले की कुठल्या घरात किती काड्या हे बघून चित्र किती उजळ आहे याचा अंदाज बांधायचा. कॉलेजात पहिल्या वर्षाला आपण सी भाषेत हाच प्रोग्राम लिहितो, फक्त परीक्षेतल्या मार्कांसाठी.

आता गोम येते ती '२५५' या शब्दाच्या अर्थात. होय, शब्दच म्हणतो. हिरवा २५५ म्हणजे किती हिरवा? आकडा ते सांगत नाही. मापाची पट्टी कुठली ते आधी ठरवावं लागतं. ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मॉनिटर आणि इंटरनेटसाठी एक पट्टी सुचवली, एसआरजीबी. १९९९मध्ये ती अधिकृत मानक झाली. त्या काळातले काचेच्या नळीचे मॉनिटर जेवढे रंग दाखवू शकत, साधारण तेवढेच तिच्यात बसतात. डोळ्याला त्याहून कितीतरी जास्त रंग दिसतात, पण सगळ्यांनी एकच पट्टी वापरली की भांडणं मिटतात. वेबवरची बहुतेक चित्रं आजही याच पट्टीत असतात.

छायाचित्रकारांना ती पट्टी तोकडी पडते. कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेले गडद केशरी, खोल निळे तिच्यात मावत नाहीत, कापले जातात. म्हणून कोडॅकने एक ऐसपैस पट्टी तयार केली, प्रोफोटो आरजीबी. ती इतकी ऐसपैस आहे की तिच्या टोकाचे काही रंग माणसाला दिसूच शकत नाहीत. ते फक्त गणितात असतात. फोटो सुधारताना हाताशी जागा हवी म्हणून ही मोकळीक. अडोबीच्या लाइटरूममधून फोटो बाहेर काढताना कुठली पट्टी हवी ते निवडता येतं. आपल्या छायाचित्रकाराने प्रोफोटो निवडली. यात चुकीचं काही नाही. फाइलमध्ये तशी स्पष्ट नोंदही होती: यातले आकडे प्रोफोटोच्या मापाचे आहेत.

अँड्रॉइड १०मधल्या त्या मोजणीने चित्र आधी एसआरजीबीत बदलून घेतलं नाही. तिने सगळी चित्रं आपल्याच पट्टीतली आहेत असं धरलं. गज आणि मीटर यांची सरमिसळ झाली की कापड कमी-जास्त भरतं, तसं इथे झालं. वजनं एका पट्टीसाठीची, आकडे दुसऱ्या पट्टीचे, आणि तीन वाट्यांची बेरीज काही पिक्सेलपाशी २५५च्या पुढे गेली. उजळपणा २५६. तक्त्यात २५६ क्रमांकाचं घर नाही. म्हणजे मोजून दोनशे सत्तावन्नावं घर, जे बांधलेलंच नव्हतं.

आठ बिटांच्या या कुंपणाला धडकणारे आपण पहिले नाही. १९८० सालच्या पॅकमॅन या खेळात पातळी मोजणारा आकडा आठ बिटांचाच होता. २५६व्या पातळीला पोचलेल्या खेळाडूला अर्धा पडदा अक्षरांच्या आणि चित्रांच्या कचऱ्याने भरलेला दिसायचा. तिथे कुणी अडवलं नाही, म्हणून खेळ चुकीच्या जागी खरडत राहिला. अँड्रॉइडच्या भाषेचा, म्हणजे जावाचा, नियम वेगळा आहे. नसलेल्या घरात पाऊल टाकलंत की ती तिथल्या तिथे काम थांबवते आणि ओरडते. जुन्या सीमध्ये तो आकडा शेजारच्या कुणाच्या तरी घरात गुपचूप लिहिला गेला असता आणि फोन महिन्याभराने भलत्याच ठिकाणी बिघडला असता. त्यामुळे जावाचं ओरडणं योग्यच होतं, असं माझं मत आहे. प्रश्न त्यानंतर काय होतं हा आहे.

ओरडल्यावर सिस्टिम यूआय पडलं. वरची पट्टी, नोटिफिकेशन, लॉक स्क्रीन, सगळं त्याच्याकडे. ते पडून राहिलं तर फोन वापरताच येणार नाही, म्हणून अँड्रॉइड त्याला ताबडतोब उभं करतो. उभं राहिल्यावर त्याचं सुरुवातीचं एक काम म्हणजे साठवलेला वॉलपेपर उघडून मांडणं. उघडला, मोजायला घेतला, २५६, पडलं. पुन्हा उभं. पुन्हा पडलं.

आपण 'बंद करून चालू कर' हा सल्ला अगदी डोळे मिटून देतो. आईच्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत. तो बहुतेकदा चालतो, कारण बहुतेक बिघाड मेमरीत असतात आणि मेमरी पुसली की जातात. पण बिघाडाचं कारणच डिस्कवर नीट जपून ठेवलेलं असेल, तर रीस्टार्ट त्याला जपूनच परत आणतो.

रीस्टार्ट कसा असावा याचं सर्वांत सुंदर उदाहरण यापेक्षा एकावन्न वर्षं जुनं आहे. २० जुलै १९६९. अपोलो ११चं यान चंद्रावर उतरत होतं. त्यातल्या संगणकाची बदलती येणारी मेमरी होती २०४८ शब्दांची. तुमच्या एका स्टिकरलाही पुरणार नाही एवढी. उतरता उतरता त्यावर १२०२ असा धोक्याचा आकडा झळकला. मग परत. मध्ये एकदा १२०१. अर्थ असा की कामं इतकी साचलीत की नव्या कामाला जागा नाही. वरच्या यानाला शोधणारा रडार त्या वेळी गरज नसताना संगणकाचा वेळ खात होता.

मग संगणकाने काय केलं? रीस्टार्ट. चंद्राच्या डोक्यावर, इंजिन चालू असताना, माणसं आत असताना, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट. आणि तरी यान उतरलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या ज्या प्रयोगशाळेत हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं (मार्गारेट हॅमिल्टन या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरच्या प्रमुख होत्या), तिथल्या लोकांनी प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रम दिला होता. रीस्टार्टनंतर इंजिन आणि दिशा सांभाळणारी कामं जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू व्हायची, बिनमहत्त्वाची गळून जायची. बझ ऑल्ड्रिनने मागवलेली एक माहिती पडद्यावर आली की धोक्याचा आकडा येतो, हे त्याच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. ती माहिती आम्ही इथून बघतो, असं ह्यूस्टनने त्याला कळवलं. पडद्यावरचे आकडे गेले तर गेले. इंजिन महत्त्वाचं.

अँड्रॉइडकडे २०२० साली त्या संगणकाच्या लाखो पट मेमरी होती. पण वॉलपेपरची मोजणी आणि लॉक स्क्रीन एकाच प्रक्रियेत, एकाच दोरीला बांधलेली. पहाटेसारखं उजळण्याची हौस पडली तर दार उघडण्याची सोयही पडणार. 'मोजता येत नाही? मग राहू दे, साधं चित्र दाखव' एवढं म्हणणारी एकही ओळ त्या वाटेवर नव्हती.

गंमत म्हणजे अशा चक्रातून सोडवणारं पथक अँड्रॉइडमध्ये २०१७पासून होतं. अँड्रॉइड ८मध्ये आलेल्या या सोयीचं नाव रेस्क्यू पार्टी. सतत चालू राहायला हवं असं एखादं सिस्टिम ॲप तीस सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा पडलं, की हे पथक जागं होतं. आधी काही सेटिंग मूळपदावर आणतं, मग आणखी काही. त्यानेही भागलं नाही तर फोन रिकव्हरीत नेऊन विचारतं: सगळं पुसू का? पण वॉलपेपर हे सेटिंग नाही, ती साठवलेली फाइल आहे. सेटिंगं कितीही मूळपदावर आणा, चित्र तिथेच. म्हणून पायऱ्या चढत चढत पथक शेवटच्या पायरीवर पोचायचं. घरात पाल शिरली म्हणून घर पाडण्याचा सल्ला.

बाकीचे मार्ग होते, पण ते सगळ्यांसाठी नव्हते. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप थांबतात. सिस्टिम यूआय तिथेही चालतंच, त्यामुळे तो उपाय अनेकांना लागू पडला नाही. ज्यांनी फोनवर आधीच वेगळी रिकव्हरी टाकून ठेवली होती, त्यांनी तिच्यातून आत शिरून ती वॉलपेपरची फाइल तेवढी उडवली आणि फोन जसाच्या तसा परत मिळवला. एक फाइल. इलाज खरोखर एवढाच होता. पण तो नेहमीच्या वापरणाऱ्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी कुणी ठेवला नव्हता.

आणि गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. तोच फोटो एकाचा फोन पाडायचा, दुसऱ्याच्या फोनवर मुकाट बसायचा. लोक एकमेकांना खोटं ठरवत होते. खरं तर दोघांचं बरोबर होतं. फोटोचा स्क्रीनशॉट घेतला, किंवा वाटेत कुणीतरी फाइल दाबून लहान केली आणि पट्टीची नोंद गेली, की डोळ्याला चित्र जवळपास तेच, पण आकडे साधे. डोळ्याने बघून हा बिघाड सापडणं अशक्य होतं.

अशा वेळी दोष पाहुण्यावर ढकलायची आपली सवय जुनी आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये आयफोनवर तेलुगूतलं 'ज्ञा' हे जोडाक्षर आलं की मेसेजचं ॲप पडायचं; ते नोटिफिकेशनमध्ये दिसलं तर अख्खा फोन अडकायचा. बातम्यांत त्याला सरसकट 'तेलुगू बॉम्ब' म्हटलं गेलं. आपल्या 'ज्ञानेश्वर'मधलं पहिलंच अक्षर हे, फक्त वेगळ्या लिपीत. कोट्यवधी लोक ते रोज लिहितात. अॅपलने आयओएस ११.२.६ काढून मजकूर मांडणारा आपला कोड दुरुस्त केला, तेलुगू नाही. तळ्याचा फोटोही तसाच 'शापित वॉलपेपर' म्हणून गाजला.

दुरुस्ती लहान होती. तेव्हा चाचणीत असलेल्या अँड्रॉइड ११ने चित्राची पट्टी वेगळी असेल तर मोजण्याआधी ते एसआरजीबीत बदलायला सुरुवात केली होती, त्यामुळे तिथे हा फोटो निरुपद्रवी ठरला. सॅमसंगनेही जून २०२०मध्येच अपडेटची तयारी केली. वर्षानुवर्षं अपडेट न मिळणाऱ्या फोनांचं काय, हा आपल्या बाजारातला नेहमीचा प्रश्न इथेही होताच.

लॉक स्क्रीनचे इफेक्ट त्यानंतर वाढतच गेले. २०२२मध्ये आयओएस १६ने डेप्थ इफेक्ट आणला: फोटोतल्या माणसाचं डोकं घड्याळाच्या पुढे, घड्याळ मागे. मित्रमंडळींकडून मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार यावरचीच, 'माझ्याकडे होत नाहीये'. कारणं बहुतेक ठरलेली असतात. फोन आयफोन एक्सएसच्या आधीचा असतो, घड्याळाखाली विजेट लावलेलं असतं, किंवा डोकं इतकं वर असतं की ते घड्याळ फार झाकतं. विजेट काढा, फोटो चिमटीने थोडा खाली सरकवा, बहुतेकदा होतं. वैताग येतो, मान्य. पण २०२० आठवलं की मला हा वैताग आवडायला लागतो. जमत नाही म्हटल्यावर इफेक्ट बाजूला झाला आणि फोन चालू राहिला. ऑल्ड्रिनच्या पडद्यावरच्या आकड्यांसारखा.

त्या छायाचित्रकाराला बीबीसीने गाठलं तेव्हा तो चक्रावलेला होता. आपण मुद्दाम काहीच केलेलं नाही, असं त्याने सांगितलं. त्याच्याकडे स्वतःचा आयफोन होता आणि त्यावर वॉलपेपर कायम बायकोचा, त्यामुळे आपला फोटो काय करतो हे त्याला कधी कळायचं कारणच नव्हतं. यापुढे फोटो दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढू, असंही तो म्हणाला. या सगळ्या साखळीत फाइलवर योग्य नोंद करणारा एकटा तोच होता, आणि सवय बदलायची तयारीही त्यानेच दाखवली.